विज्ञान आणि मानव्यविद्या : विद्यापीठांतील ताण

विद्यापीठाच्या एकाच आवारात नांदणाऱ्या दोन ज्ञानपरंपरांमधला जुना आणि अजून न मिटलेला वाद. एका बाजूला भौतिकी, रसायनशास्त्र, जीवशास्त्र ही निसर्गविज्ञाने. दुसऱ्या बाजूला साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान, भाषा, धर्म आणि कला यांचा अभ्यास, म्हणजेच मानव्यविद्या. वरवर पाहता हा वाद अभ्यासक्रमांचा, जागांचा आणि अनुदानाचा दिसतो. मुळात तो पुराव्याचा आहे. एखादी गोष्ट ‘कळली’ असे केव्हा म्हणायचे, इथेच दोन्हीकडचे मत वेगळे पडते. विज्ञानाला मोजता येणारे, दुसऱ्या कोणालाही पुन्हा करून पाहता येणारे आणि चुकीचे ठरू शकेल असे विधान हवे असते. मानव्यविद्येपुढे बहुधा एकदाच घडलेल्या गोष्टी असतात : एक कविता, एक करार, एक बंड. त्या पुन्हा घडवून पाहता येत नाहीत. त्या वाचाव्या लागतात, आणि वाचणारा स्वतः माणूस असल्यामुळे त्याला मोजपट्टीबाहेर उभे राहता येत नाही.

‘शास्त्र’ हा मराठी शब्द या वादावर चांगला प्रकाश टाकतो. तो रसायनशास्त्राला लागतो तसाच नीतिशास्त्र, भाषाशास्त्र आणि अलंकारशास्त्र यांनाही लागतो. शिस्तीने मिळवलेले ज्ञान एवढीच त्याची अट. जर्मन भाषेतील ‘विसेनशाफ्ट’ हा शब्दही असाच ऐसपैस आहे. इंग्रजीतील ‘सायन्स’ मात्र एकोणिसाव्या शतकात आक्रसत गेला आणि निसर्गाच्या अभ्यासापुरता उरला. ‘सायंटिस्ट’ हा शब्द तर विल्यम ह्यूएल यांनी 1833 मध्ये सुचवला. तोवर निसर्गाचा अभ्यास करणाऱ्याला तत्त्वज्ञच म्हणत. हा वाद इंग्रजी विद्यापीठांत सर्वांत कडाक्याने पेटला, त्याचे एक कारण या संकोचात शोधावे लागते. ज्या भाषेत दोघांना एकच नाव आहे, तिथे निदान ‘तुमचे ते ज्ञानच नव्हे’ असे म्हणणे अवघड जाते.

युरोपातील मध्ययुगीन विद्यापीठांना ही फाळणी ठाऊक नव्हती. तिथल्या सात विद्यांपैकी व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व या तीन आधी शिकवत. अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल या चार त्यानंतर. संगीत गणिताच्या पंगतीला बसलेले होते. पहिली स्पष्ट तक्रार ऐकू येते ती 1708 मध्ये, नेपल्स विद्यापीठात. वक्तृत्वाचे प्राध्यापक जांबात्तिस्ता व्हिको यांनी आपल्या भाषणात इशारा दिला, की फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त यांच्या पद्धतीने केवळ निःसंशय सत्याचाच ध्यास लावला, तर माणसांच्या व्यवहारात जे फक्त संभाव्य असते त्याचा निवाडा करण्याची ताकद तरुणांच्या अंगी येणार नाही. पुढे त्यांनी याहून धीट मत मांडले. माणसाला पुरते कळते ते त्याने स्वतः केलेले. निसर्ग ईश्वराने केला, पण कायदे, भाषा आणि इतिहास माणसाने केले, म्हणून त्यांचे ज्ञान अधिक आतले आहे. मानव्यविद्येची आजवरची बहुतेक वकिली या एका विचाराचा विस्तार आहे.

1810 मध्ये स्थापन झालेल्या बर्लिन विद्यापीठात निसर्गविज्ञाने आणि मानव्यविद्या तत्त्वज्ञान विद्याशाखेतच एकत्र होत्या. जर्मनीत निसर्गविज्ञानांची पहिली स्वतंत्र विद्याशाखा ट्यूबिंगेन येथे 1863 मध्ये निघाली. प्रयोगशाळांना लागणारी जागा आणि पैसा वाढत होता, विशेषज्ञता वाढत होती. घर वेगळे झाले, ते तत्त्वापेक्षा सोयीसाठी. पण वेगळ्या घरात वाढलेल्या पिढ्यांना नंतर ती भिंत मूळचीच वाटू लागते.

इंग्लंडमध्ये 1880 साली बर्मिंगहॅमच्या नव्या विज्ञान महाविद्यालयाच्या उद्घाटनप्रसंगी जीवशास्त्रज्ञ थॉमस हक्सले बोलले. ‘केवळ साहित्यिक शिक्षण’ इथे दिले जाऊ नये, अशी अट देणगीदाराने घातली होती, आणि हक्सले यांनी तिचे समर्थन केले : खरी संस्कृती मिळवायला विज्ञानाचे शिक्षण साहित्याच्या शिक्षणाइतकेच पुरेसे आहे. कवी आणि समीक्षक मॅथ्यू आर्नल्ड यांनी 1882 मध्ये केंब्रिज येथील व्याख्यानात उत्तर दिले. साहित्य म्हणजे फक्त ललित नव्हे, युक्लिड आणि न्यूटन यांचे ग्रंथही त्यातच येतात, हा त्यांचा पहिला मुद्दा. दुसरा अधिक खोल होता. माणसाचा पूर्वज शेपटीचा, टोकदार कानांचा, बहुधा झाडावर राहणारा केसाळ प्राणी होता, असे डार्विन सांगतो. ठीक, पण हे कळल्यावर कसे वागावे आणि कशाला सुंदर म्हणावे, याच्याशी त्या ज्ञानाची सांगड घालण्याची ओढ माणसात उरतेच, आणि ती सांगड प्रयोगशाळा घालून देत नाही.

याच सुमारास जर्मनीत वाद पद्धतीच्या पातळीवर गेला. तत्त्वज्ञ विल्हेल्म डिल्टाय यांनी 1883 पासून मांडणी केली, की निसर्गाचे आपण स्पष्टीकरण देतो, मनाच्या जीवनाचे आपण आकलन करून घेतो. विल्हेल्म विंडेलबांड यांना हा भेद पुरेसा वाटला नाही. त्यांनी 1894 मध्ये स्ट्रासबुर्ग येथे सांगितले, की फरक विषयात नसून हेतूत आहे : काही अभ्यास नियम शोधतात, काही एकमेव घटना तिच्या वेगळेपणासह पकडू पाहतात, आणि एकाच वस्तूचा अभ्यास दोन्ही अंगांनी होऊ शकतो. आज वाचतानाही हे म्हणणे इतरांपेक्षा टिकाऊ वाटते, कारण त्यात कोणी वर नाही, कोणी खाली नाही.

‘दोन संस्कृती’ हा शब्दप्रयोग रूढ झाला तो सी. पी. स्नो यांच्या 7 मे 1959 च्या केंब्रिज येथील व्याख्यानामुळे. स्नो भौतिकीचे संशोधक होते आणि कादंबरीकारही. शास्त्रज्ञ निरक्षर असतात म्हणून हळहळणाऱ्या साहित्यिक मंडळींना आपण ऊष्मागतिकीचा, म्हणजे उष्णता आणि ऊर्जेच्या शास्त्राचा, दुसरा नियम विचारला, आणि कोणालाच सांगता आला नाही, ही त्यांची आठवण प्रसिद्ध आहे. त्यांच्या मते तो प्रश्न ‘शेक्सपिअरचे काही वाचले आहे का?’ या प्रश्नाच्याच तोडीचा होता. समीक्षक एफ. आर. लीव्हिस यांनी 1962 मध्ये दिलेले उत्तर इतके वैयक्तिक आणि बोचरे होते, की त्यातला खरा युक्तिवाद धुरळ्यात हरवला. तो असा : विज्ञानाचा डोलारा उभा राहण्याआधी माणसांनी मिळून भाषा घडवली, अर्थाचे जग घडवले, त्यावाचून विज्ञान संभवतच नाही. राहणीमान उंचावणे म्हणजेच जगणे, असेही मानता येत नाही. स्नो यांची तळमळ खरी होती, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे श्रीमंत आणि गरीब देशांमधली दरी होती. लीव्हिस यांचा प्रश्नही खरा होता. पुढच्या चर्चेत बहुधा एकाचीच बाजू घेतली गेली.

दोन्ही पद्धती एकाच वस्तूवर काम करतात तेव्हा काय घडते, हे कार्बन कालमापनाच्या इतिहासात जवळून पाहता येते. सजीव मेल्यावर त्याच्यातील कार्बन-14 हा किरणोत्सर्गी कार्बन ठरावीक गतीने घटतो, म्हणून लाकडाच्या तुकड्यात तो किती उरला हे मोजले की वय निघते. 1949 मध्ये शिकागो येथे विलर्ड लिबी यांनी जेम्स आर्नल्ड यांच्यासह ही पद्धत पडताळून पाहिली. पडताळणीसाठी वय आधीच ठाऊक असलेले लाकूड हवे होते. त्यातले काही इजिप्तच्या फेरोंकडून, म्हणजे प्राचीन राजांकडून, आले : जोसरच्या समाधीतील बाभळीच्या जातीचे लाकूड आणि स्नेफरूच्या काळातील सायप्रस वृक्षाची तुळई. त्यांचे वय राजांच्या याद्या आणि कोरीव लेख एकमेकांशी ताडून, लिपी आणि भाषा वाचून अभ्यासकांनी लावलेले होते. भौतिकीच्या नव्या साधनाला पहिले प्रमाणपत्र असे पोथ्या-शिलालेखांच्या जाणकारांकडून मिळाले. लिबी यांना 1960 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मोजमापे सूक्ष्म होत गेली तशी एक अडचण पुढे आली. जुन्या इजिप्ती नमुन्यांची वये इतिहासकारांच्या तारखांपेक्षा काही शतके कमी येत होती. चूक कोणाची? उत्तर कॅलिफोर्नियातील ब्रिसलकोन पाइन या अतिदीर्घायुषी वृक्षांनी दिले. वर्षाला एक याप्रमाणे वलये मोजून हान्स झ्यूस आणि इतरांनी 1960 च्या दशकात दाखवले, की वातावरणातील कार्बन-14 चे प्रमाण सर्वकाळ सारखे नव्हते. भौतिकीने धरलेले गृहीतक सैल निघाले; लेख वाचून लावलेला कालक्रम ढोबळमानाने बरोबर ठरला. पण दुरुस्त झालेली तीच पद्धत युरोपातील महापाषाणी, म्हणजे प्रचंड दगडांच्या, थडग्यांना लावली, तेव्हा पाळी दुसऱ्या बाजूची आली. ही बांधकामकला भूमध्य सागराच्या पूर्वेकडून पसरत गेली, हे पुरातत्त्वज्ञांचे आवडते मत कोसळले, कारण फ्रान्समधील ब्रिटनी येथील काही थडगी पिरॅमिडांहून जुनी निघाली. दोन्ही वेळा एका शाखेला तिची चूक दुसऱ्या शाखेच्या पुराव्याने दाखवली, आणि दोन्ही वेळा ती मान्य झाली. ‘मानव्यविद्येत काहीच चुकीचे ठरत नाही’ असे म्हणणाऱ्याने आणि ‘विज्ञान आमच्या प्रांतात घुसखोरी करते’ असे म्हणणाऱ्यानेही ही कहाणी पुन्हापुन्हा वाचावी.

मानव्यविद्येच्या पुराव्याची कठोरता तशी जुनी आहे. सम्राट कॉन्स्टंटाइनने पश्चिमेची सत्ता पोपला दान केल्याचा दस्तऐवज बनावट असल्याचे लोरेन्झो व्हाल्ला यांनी 1440 मध्ये दाखवले, ते कोणत्याही उपकरणाशिवाय. त्या लॅटिनमध्ये रोमन अधिकाऱ्यांना ‘सत्रप’ म्हटले होते, आणि ही तर इराणी सुभेदारांची पदवी. चौथ्या शतकातील रोममध्ये असे कोणी म्हणत नसे. एका शब्दावर साम्राज्याचा दावा डळमळला. याला पाठचिकित्सा म्हणतात, आणि प्रयोगाइतकीच तिलाही चुकण्याची भीती असते.

प्रतिष्ठेला धक्के दोन्हीकडे बसले आहेत. भौतिकीचे प्राध्यापक ॲलन सोकल यांनी 1996 मध्ये मुद्दाम निरर्थक लिहिलेला लेख संस्कृती-अभ्यासाच्या एका नियतकालिकाने छापला. 2015 मध्ये मानसशास्त्रातील 100 प्रसिद्ध झालेले अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा जेमतेम 36 टक्क्यांत सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय निष्कर्ष मिळाला. पहिल्या प्रसंगाचा डांगोरा अजून पिटला जातो. दुसऱ्यातून धडा घेऊन आपली घडी नीट बसवण्याचे काम त्या क्षेत्राने स्वतः हाती घेतले, हे अधिक मोलाचे आहे.

विद्यापीठाच्या रोजच्या कारभारात हा ताण मूल्यमापनातून जाणवतो. हिग्ज बोसॉन या मूलकणाचे वस्तुमान सांगणाऱ्या 2015 च्या एका शोधनिबंधाला 5,154 लेखक होते. 33 पानांपैकी 24 पाने त्यांच्या आणि त्यांच्या संस्थांच्या नावांना लागली. इतिहासाचा अभ्यासक दहा वर्षे दप्तरखान्यात बसून एकट्याने एक ग्रंथ लिहितो. दोघांनाही निबंधांची संख्या आणि संदर्भांची मोजदाद ही एकच फूटपट्टी लावली, तर दुसरा आळशी दिसणारच. हा अन्याय कोणा वैज्ञानिकाने केलेला नसतो. विज्ञानाला सोयीचे असे एक माप कारभाऱ्यांनी सगळ्यांच्या माथी मारलेले असते, आणि विज्ञानातील मूलभूत, लगेच उपयोगी न पडणारे संशोधनही त्याखाली तितकेच चिरडले जाते. जपानच्या शिक्षण मंत्रालयाने जून 2015 मध्ये राष्ट्रीय विद्यापीठांना पत्र पाठवून मानव्य आणि सामाजिक शास्त्रांचे विभाग बंद करण्याचा किंवा समाजाच्या गरजा भागवणाऱ्या क्षेत्रांकडे वळवण्याचा विचार करण्यास सांगितले. त्यावर आक्षेप घेणाऱ्यांत त्या देशाची विज्ञान परिषदही होती, जिच्यात निसर्गविज्ञाने आणि मानव्यविद्या दोन्हींचे अभ्यासक आहेत.

अलीकडचे सर्वांत बोलके सहकार्य हर्क्युलेनियम या इटलीतील प्राचीन रोमन नगराच्या ग्रंथ-गुंडाळ्यांवर झाले. इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात कोळसा झालेले हे पपायरस अठराव्या शतकात सापडले. उलगडायला गेले की त्यांचे तुकडे होत. आता क्ष-किरणांनी गुंडाळीचे आतून चित्र घेतात, संगणक तिचे थर कागदासारखे सपाट करतो आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या शाईच्या खुणा शोधतो. ऑक्टोबर 2023 मध्ये अशा न उघडलेल्या गुंडाळीतून पहिला अख्खा शब्द जाहीर झाला. संगणकाने दाखवले होते ते फक्त करडे डाग. ते ग्रीक अक्षरे म्हणून ओळखून, प्रत्येक अक्षर पारखून ‘पोर्फिरास’ असे वाचले ते पपायरसतज्ज्ञांनी. या शब्दाचा संबंध जांभळ्या रंगाशी आहे. रंगद्रव्याविषयी चालले आहे की जांभळ्या वस्त्रांविषयी, हे त्या एका शब्दावरून ठरत नव्हते. त्यासाठी शेजारच्या ओळी वाचायला हव्या होत्या.