बर्फाच्या गोळ्याची गाडी लावताय? आधी कोणता कागद, मग कोणता

महाशिवरात्र झाली की गोळ्याचा हंगाम तापायला लागतो आणि मृगाच्या पहिल्या सरीबरोबर आटोपतो. हातात जेमतेम साडेतीन-चार महिने. त्यातला एक महिना कचेऱ्यांच्या चकरा मारण्यात गेला तर वर्षाची कमाई बुडाली, म्हणून अर्जांचं काम पौष-माघातच उरकून घ्यावं. गल्लीतलं पोरगं परवाना बघून गोळा घ्यायला येत नाही, हे कबूल. पण नवी गाडी नुसत्या गल्लीवर तरत नाही. खरा गल्ला जमतो तो सोसायटीच्या कार्यक्रमात, हळदीला, वाढदिवसाला, लग्नाच्या लॉनवर लावलेल्या काउंटरवर, आणि तिथला पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘फूड लायसन्स आहे ना?’

गाडीवाल्याला मुळात लायसन्स लागत नाही, नोंदणी लागते. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ मध्ये फेरीवाले, फिरते विक्रेते आणि जत्रेतले तात्पुरते स्टॉलवाले यांना परवान्यातून सूट आहे, नोंदणीतून नाही. २०११ च्या नियमांनी नोंदणीसाठी वर्षाला १२ लाख रुपयांच्या उलाढालीची मर्यादा आखली. एकट्या गाडीचा धंदा त्यात आरामात बसतो. अर्ज ‘फॉस्कॉस’ या केंद्रीय पोर्टलवर ‘नमुना अ’ मध्ये भरायचा. छाननी मात्र आपल्या राज्याचं अन्न व औषध प्रशासन करतं.

कागद फार नाहीत. पासपोर्ट आकाराचा फोटो, आधार किंवा दुसरं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा. एका ठिकाणी ठाण मांडून बसणार असाल तर त्या जागेचा कागदही जवळ ठेवा: भाडेकरार, नाहीतर जागामालकाचं नाहरकत पत्र. शुल्क वर्षाला १०० रुपये होतं, म्हणजे मलई गोळ्याच्या दोन-तीन प्लेटांचे पैसे, आणि २०२४ मध्ये फेरीवाल्यांना तेही माफ झालं. तरीही याच कामाचे हजार-दोन हजार उकळणारे एजंट गल्लोगल्ली आहेत, आणि सरकारी वाटतील अशा खासगी वेबसाइटही आहेत. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ नसेल तर पैसे भरू नका.

अर्जात एकच जागा जपून भरायची, ती व्यवसायाच्या प्रकाराची. बर्फाचा धंदा म्हणून बरेच जण ‘उत्पादक’ निवडून मोकळे होतात आणि पुढे कारखान्याला विचारायचे प्रश्न त्यांना विचारले जातात. तुम्ही बर्फ बनवत नाही, विकत आणून किसता. तुमचा रकाना ‘फेरीवाला’ किंवा ‘फिरता खाद्यविक्रेता’ हा. सरबतं घरी बनवून बाटल्यांत भरून दुसऱ्या गाड्यांना विकायची असतील तर गोष्ट वेगळी. तो उत्पादनाचाच धंदा झाला आणि त्याची नोंद तशीच करावी लागते.

अर्ज पोचल्यापासून सात दिवसांत अधिकाऱ्याने नोंदणी द्यायची, कारण लिहून ती नाकारायची किंवा तपासणीची नोटीस काढायची, असं २०११ चे नियम सांगतात. तपासणी काढली तर निकालाची मुदत ३० दिवस. या मुदतीत काहीच कळलं नाही तर धंदा सुरू करता येतो, अशीही तरतूद आहे. अर्थात सोसायटीच्या सेक्रेटरीला ही तरतूद समजावत बसण्यापेक्षा प्रमाणपत्राची वाट बघितलेली परवडते. त्यावर १४ आकडी क्रमांक असतो. तो गाडीवर ठळक रंगवून घ्या.

तपासणीला अन्न सुरक्षा अधिकारी आलाच तर त्याची पहिली नजर बर्फाच्या लादीवर जाते. रस्त्यावर टेकवलेली, ओल्या गोणपाटात गुंडाळलेली, लोखंडी सळईने फोडलेली लादी हे आपल्याकडचं नेहमीचं चित्र. तेवढ्यावरच गाडी नापास होऊ शकते. थर्मोकोलची किंवा स्टीलची झाकणाची पेटी घ्या, किसणीचं पातं गंजलेलं नको, बाटल्यांना झाकणं हवीत, पिण्याचं पाणी वेगळं हवं. ‘काका, अजून रस मारा’ म्हणत गिऱ्हाईक अर्धा चोखलेला गोळा पुढे करतं, तेव्हा तो पुन्हा रसाच्या ग्लासात बुडवायचा नाही. वरून धार सोडायची, आणि बाटलीचं तोंड गोळ्याला लागू द्यायचं नाही. अस्वच्छतेसाठी कायद्यात एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

बर्फ कुठून आणता याला माझ्या मते नोंदणीपेक्षाही जास्त वजन आहे. मासळी आणि माल गार ठेवायचा बर्फ खाण्यासाठी नसतो. तो ओळखू यावा म्हणून २०१८ मध्ये महाराष्ट्रात अखाद्य बर्फात निळा खाद्यरंग घालण्याचा आदेश निघाला. तेव्हा लादीला निळसर झाक दिसली तर ती घ्यायचीच नाही, कितीही स्वस्त मिळो. पांढरी आहे म्हणून चांगलीच, असंही मात्र धरून चालू नका. खाद्य बर्फाचा परवाना असलेल्या कारखान्यातूनच माल उचला आणि रोजचं बिल मागा. कारखानदार कुरकुर करेल, तरी मागा. पुरवठादाराचं बिल ही कायद्याने मालाची लेखी हमी मानली जाते. उद्या नमुना नापास झाला तर माल कोणाचा होता हे त्याच बिलावरून सांगता येतं.

रंगांचंही तसंच. देशात फक्त आठ कृत्रिम खाद्यरंगांना परवानगी आहे आणि प्रमाणाला मर्यादा आहे. भडक गुलाबी दिसणारा रोडामाइन बी आणि पिवळाधमक मेटॅनिल यलो हे कापड-कागदाचे रंग आहेत, खाण्यात त्यांना बंदी आहे. सुट्या पुडीतला रंग घेऊ नका. डब्यावर उत्पादकाचं नाव, परवाना क्रमांक, तुकडी क्रमांक आणि तारीख वाचून घ्या. काला खट्टा जिभेवर रेंगाळायला हवा, शर्टावर चार धुण्यांनंतरही रेंगाळत असेल तर रंगाच्या डब्याकडे परत एकदा बघा.

आता जागेचा कागद. सगळ्यात चिवट तोच. शहरात रस्त्यावर गाडी लावायची तर पथविक्रेता कायदा, २०१४ लागू होतो. महापालिका किंवा नगरपालिका दर पाच वर्षांतून किमान एकदा सर्वेक्षण करते आणि पथविक्रेता समितीमार्फत विक्री प्रमाणपत्र देते. दोन सर्वेक्षणांच्या मधे आलेल्या नव्या माणसालाही समिती प्रमाणपत्र देऊ शकते, पण त्या पट्ट्यात जागा शिल्लक असेल तरच. ‘सर्वेक्षण झालं, आता पाच वर्षांनी या’ असं खिडकीवर ऐकवलं तर लेखी अर्ज देऊन पोच घ्या. नकार मिळाला तर त्यावर अपील करता येतं, आणि त्यासाठी हातात कागद लागतो.

पात्रतेची अट नीट वाचा. धंदा स्वतः किंवा घरच्या माणसांनीच करायचा, उपजीविकेचं दुसरं साधन नसावं आणि प्रमाणपत्र कुणाला भाड्याने द्यायचं नाही, अशी हमी लिहून द्यावी लागते. नोकरी सांभाळून भाच्याला गाडीवर उभं करायचा बेत असेल तर ही वाट तुमची नाही. अशा वेळी दुकानदाराच्या ओट्यावर किंवा खासगी आवारात मालकाच्या लेखी परवानगीने बसावं. महाराष्ट्रात अधिवासाचा दाखलाही मागितला जातो. तो तहसीलमधून मिळायला वेळ लागतो, म्हणून सुरुवात त्याच्यापासून केलेली बरी.

अतिक्रमणवाल्यांनी गाडी उचललीच तर जप्त मालाची यादी मागा, तो तुमचा हक्क आहे. दावा केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी आणि इतर माल दोन कामकाजाच्या दिवसांत परत द्यायचा, असं कायदा म्हणतो. बर्फाच्या बाबतीत पहिल्या अटीचा काय उपयोग, ते सांगायला नको. गाडी आणि किसणी तरी परत येते.

विक्री प्रमाणपत्र, फेरीवाल्याचं ओळखपत्र किंवा पालिकेचं शिफारस पत्र, यांपैकी एक हाती आलं की पीएम स्वनिधीचं, म्हणजे फेरीवाल्यांसाठीच्या केंद्राच्या कर्ज योजनेचं दार उघडतं. जून २०२० मध्ये सुरू झालेल्या या योजनेत २०२५ च्या बदलानंतर पहिलं कर्ज १५,००० रुपयांपर्यंत मिळतं. ते फेडलं की २५,००० आणि त्यानंतर ५०,०००. तारण लागत नाही. हप्ते वेळेवर भरले तर व्याजात सात टक्के सवलत खात्यात जमा होते. मोबाइल क्रमांक आधारला जोडलेला हवा, त्यापायीच बरेच अर्ज अडतात. पहिल्या कर्जातून पेटी, किसणी आणि सरबतांचा पहिला साठा घ्यावा. रंगीबेरंगी छत्रीचा मोह दुसऱ्या कर्जापर्यंत आवरता आला तर बरं.

गावात ग्रामपंचायतीचा नाहरकत दाखला घ्यायचा. जत्रेतल्या जागेची पावती ग्रामपंचायत किंवा देवस्थान समितीकडून आधीच फाडून घ्या. वेशीजवळची जागा ऐन दिवशी कुणी देत नाही.

सोसायटी किंवा लग्नाची ऑर्डर पकडायला जाताना एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये चारच गोष्टी न्या: नोंदणी प्रमाणपत्राची प्रत, बर्फाचं ताजं बिल, प्लेटमागे दराचा कागद आणि यूपीआयचा क्यूआर कोड. दर माणशी सांगू नका, प्लेटवर सांगा, कारण पोरं तीन-तीनदा येतात. ॲडव्हान्स घेतल्याशिवाय लादी सांगायची नाही.