खड्डा इंजिनापेक्षा जास्त पिळतो

किट कारचे, म्हणजे घरी जोडायच्या मोटारीचे, सुटे भाग घरी येऊन पडले, की जोडणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: या चॅसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, किती हॉर्सपॉवर झेपेल? सल्ला देणारेही एखादा आकडा ठोकून देतात. मला हा प्रश्नच जरा चुकलेला वाटतो.

जिच्या नकला किट कारवाल्यांनी बहुधा सर्वांत जास्त केल्या, त्या एसी कोब्राचंच पाहा. मूळची ती ‘एस’ नावाची हलकी ब्रिटिश गाडी. सांगाडा म्हणजे तीन इंच व्यासाच्या दोन लांब नळ्या आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे. १९६२ साली अमेरिकन शर्यतपटू कॅरोल शेल्बीने त्यात फोर्डचं सव्वाचार लिटरचं आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन बसवलं, पुढे ४.७ लिटरचं. गाडीने ते पचवलं. मात्र सात लिटरचं इंजिन घ्यायचं ठरलं तेव्हा, १९६५च्या गाडीसाठी, चॅसिस नव्याने आखावं लागलं: नळ्या चार इंची झाल्या आणि आडव्या पाट्यांच्या स्प्रिंगांच्या जागी कॉइल स्प्रिंग आल्या.

एका इंचाने काय होतं? पातळ भिंतीची नळी पिळाला जो विरोध करते, तो व्यासाच्या घनाच्या पटीत वाढतो. भिंतीची जाडी तेवढीच ठेवली, तर तीनाचे चार इंच केल्यावर वजन एक तृतीयांशाने वाढतं, ताठपणा मात्र जवळजवळ २.४ पट होतो. (जुन्या कॅलेंडरची गुंडाळी करून सांधा चिकटवा आणि पिळून पाहा. मग सांधा उभा कापून पुन्हा पिळा. चॅसिसमध्ये बंद नळ्या का वापरतात ते हातालाच कळेल.)

आता ढोबळ हिशेब. सात लिटरच्या इंजिनाचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) ६५० न्यूटन-मीटर धरू. पहिला गिअर २.३ पट आणि डिफरन्शियल (मागच्या चाकांपाशी तो जोर पुन्हा वाढवणारी दातेरी चाकं) ३.५ पट धरलं, तर मागच्या चाकांपाशी ५२०० पोहोचायला हवेत. पण एक टनाच्या गाडीत, जोरात निघताना, मागच्या चाकांवर साडेसहाशे किलो भार आला तरी टायर २१०० च्या आसपासच रस्ता सोडून गरगर फिरू लागतात. उरलेली ताकद धुरात जाते! म्हणजे चॅसिसला पुढून मागे बसणारा इंजिनाचा पीळ, २१०० भागिले ३.५, फक्त ६०० न्यूटन-मीटर. झटक्यात क्लच सोडला तर क्षणभर जास्त, एवढंच.

याउलट पुढचं एक चाक खड्ड्यावरून हवेत गेलं आणि तिथला पाचशे किलोंचा सगळा भार दुसऱ्या चाकावर आला, तर पीळ तीन हजारांच्या पुढे जाऊ शकतो. इंजिनाच्या पाचपट, आणि तोही इंजिन कितीही लहान असलं तरी.

मग मोठ्या इंजिनाने बिघडतं काय? जड लोखंडी इंजिन नाकावर वजन टाकतं. वेग दुप्पट झाला, की ब्रेकने जिरवायची ऊर्जा चौपट होते. आणि ताकद रस्त्यावर उतरवायची म्हणून मालक रुंद, चिकट टायर घालतो. तिथे खरी मेख आहे. पकड वाढली, की वळणावर आणि ब्रेक लावताना सस्पेन्शन (चाकं धरणारी स्प्रिंगांची रचना) सांगाड्याला जोडणाऱ्या ब्रॅकेटवर येणारा ओढाही त्याच प्रमाणात वाढतो. चॅसिस लवचिक असेल, तर तेच एक जास्तीची स्प्रिंग होऊन बसतं, आणि या स्प्रिंगला शॉक अ‍ॅब्सॉर्बर नसतो. मग सस्पेन्शनची कितीही जुळवाजुळव करा, गाडी बाजेसारखी कुरकुरतच वळते.

तपासणी अवघड नाही. मागचं टोक घट्ट आवळायचं, पुढे आडवा दांडा बांधून एका टोकाला माहीत असलेलं वजन लटकवायचं आणि किती अंश पीळ बसला ते मोजायचं. आजच्या साध्या मोटारींना एक अंश पिळायला वीस-तीस हजार न्यूटन-मीटर लागतात; घरगुती नळ्यांच्या सांगाड्याचं उत्तर ऐकून बरेच जण गप्प होतात.

तरीही चॅसिस एका दणक्यात क्वचितच मोडतं. ते थकतं. वेल्डिंगच्या सांध्याचं आयुष्य ताणाच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटतं: ताण पाव पटीने वाढला, की आयुष्य निम्मं. म्हणून नवे टायर घातल्यावर काही महिन्यांनी गाडी वर उचलून, टॉर्च घेऊन खाली शिरावं आणि ब्रॅकेटच्या कडेला रंगात केसाएवढी रेघ उमटली आहे का ते पाहावं.