गुदाशयाच्या कर्करोगात केमो आणि रेडिएशन एकत्र कसे आले

मोठे आतडे आणि त्याचा शेवटचा भाग असलेला गुदाशय यांना मिळून ‘कोलोरेक्टल’ असे एका दमात म्हटले जात असले, तरी केमो आणि रेडिएशन एकत्र देण्याचा इतिहास जवळजवळ सगळा गुदाशयाचा आहे. मोठे आतडे पोटात बऱ्यापैकी मोकळे असते. गाठीसकट आजूबाजूचा भाग ऐसपैस काढता येतो, आणि शेजारीच लहान आतड्याची वेटोळी असल्याने रेडिएशन देणे जोखमीचे ठरते. गुदाशय मात्र ओटीपोटाच्या हाडांच्या अरुंद कोनाड्यात असतो. तिथे सर्जनचा हात अडतो, आणि मागे राहिलेल्या पेशी पुन्हा तिथेच डोके वर काढतात. एकत्रित उपचार आला तो हे थांबवण्यासाठी.

खरा घोळ ‘ॲडव्हान्स्ड’ या शब्दाचा आहे. रिपोर्टवर ‘लोकली ॲडव्हान्स्ड’ दिसले की घरचे शेवटची स्टेज समजून बसतात. प्रत्यक्षात गाठ गुदाशयाच्या स्नायूच्या थराबाहेर पडली आहे किंवा जवळच्या लसिकाग्रंथींत शिरली आहे, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे दुसरी किंवा तिसरी स्टेज, आणि रोग पूर्ण बरा करण्याच्याच हिशेबाने उपचार. यकृतात किंवा फुफ्फुसात पसरलेला रोगही ‘ॲडव्हान्स्ड’च, पण तिथे मुख्य भिस्त केमोवर. रेडिएशन बऱ्याचदा फक्त रक्तस्राव किंवा वेदना आवरण्यापुरते. भर म्हणून जुन्या शोधनिबंधांत हाच शब्द ‘ऑपरेशन होणार नाही अशी गाठ’ या अर्थाने येतो. तीन वेगळ्या परिस्थितींना एकच विशेषण, आणि एकीचे आकडे दुसरीला लावले जातात. मराठीत ‘प्रगत’ लिहिल्याने काही सुटत नाही. उलट आजाराने प्रगती केल्यासारखे वाटते.

दोन्ही उपचारांना जोडणारा दुवा म्हणजे फाइव्ह-एफयू, १९५७ मध्ये पुढे आलेले केमोचे औषध. ते पेशीची डीएनए बनवण्याची आणि दुरुस्त करण्याची यंत्रणा बिघडवते. त्यामुळे किरणांनी झालेली मोडतोड पेशीला सावरता येत नाही. १९७४ मध्ये गुदद्वाराच्या कर्करोगात हे औषध, मायटोमायसिन हे केमोचेच दुसरे औषध आणि माफक रेडिएशन दिल्यावर काही रुग्णांच्या ऑपरेशनमध्ये गाठ सापडलीच नाही. तो रोग वेगळ्या जातीच्या पेशींचा, पण त्या निकालाने उमेद वाढवली.

गुदाशयात सुरुवातीला क्रम असा होता: आधी ऑपरेशन, मग दोन्ही उपचार. १९८५ च्या एका अमेरिकी चाचणीत नुसत्या ऑपरेशननंतर ५५ टक्के रुग्णांत रोग उलटला, तर ऑपरेशननंतर दोन्ही उपचार मिळालेल्यांत ३३ टक्क्यांत. १९९० मध्ये तिथे हाच क्रम अधिकृत शिफारस म्हणून आला. युरोपात मात्र ऑपरेशनआधी रेडिएशन देणारे होतेच, आणि माझ्या मते मुद्दा त्यांचा बरोबर होता. गुदाशय काढल्यावर रिकाम्या जागेत लहान आतडे उतरते आणि किरणांच्या वाटेत येते. शिवाय जखमेच्या वणात रक्तपुरवठा कमी, आणि ऑक्सिजन कमी असेल तिथे किरणांचा जोर ओसरतो.

वादाचा निकाल लागला २००४ मध्ये, ८२३ रुग्णांच्या जर्मन चाचणीत. आठवड्याला पाच दिवस असे २८ सेशन, एकूण ५०.४ ग्रे (किरणांच्या मात्रेचे एकक), पहिल्या आणि पाचव्या आठवड्यात फाइव्ह-एफयूची पाच दिवस सतत ठिबक, आणि साधारण सहा आठवड्यांनी ऑपरेशन. पाच वर्षांत त्याच जागी रोग परतण्याचे प्रमाण आधी उपचार घेतलेल्यांत ६ टक्के, नंतर घेतलेल्यांत १३. तीव्र त्रासही आधीच्या गटात कमी: २७ टक्के, दुसरीकडे ४०. आयुर्मानात मात्र फरक नाही, आणि ही गोष्ट सांगताना अनेकांचा आवाज खाली येतो. त्याहून कमी बोलला जाणारा आकडा १८ टक्क्यांचा. आधी ऑपरेशन झालेल्यांपैकी तेवढ्यांची गाठ पहिल्याच स्टेजची निघाली. म्हणजे ऑपरेशनआधी उपचार घेतलेल्या गटातही साधारण तितक्याच जणांना गरज नसताना रेडिएशन मिळाले असणार. एमआरआय सुधारल्यावर ही चूक कमी झाली, संपली नाही.

पुढे ठिबकेची जागा कॅपेसिटाबिनच्या गोळ्यांनी घेतली. रेडिएशनसोबत ऑक्झॅलिप्लॅटिन हे केमोचे आणखी एक औषध जोडून पाहिले. बहुतेक चाचण्यांत जुलाब वाढले, फायदा दिसला नाही. मग एरवी ऑपरेशननंतर द्यायची पूर्ण केमोच ऑपरेशनआधी आणली गेली. गाठ पूर्ण विरघळलेल्यांचे ऑपरेशन टाळून फक्त नजर ठेवायची, ही ब्राझीलमधून आलेली आणि आधी थट्टेवारी नेलेली कल्पनाही आता निवडक रुग्णांत रुळली आहे.

२०२३ मध्ये चक्र उलटे फिरले. निवडक रुग्णांना आधी फक्त केमो द्यायची आणि गाठ पुरेशी आक्रसली नाही तरच रेडिएशन, अशी चाचणी झाली. निकाल नेहमीच्या एकत्रित उपचारापेक्षा कमी पडले नाहीत, आणि ऑपरेशनआधी रेडिएशनची गरज लागली सुमारे ९ टक्के रुग्णांना. अगदी खालच्या किंवा शेजारच्या अवयवांत घुसलेल्या गाठी त्या चाचणीत घेतल्याच नव्हत्या. त्यांच्यासाठी २८ सेशनचे वेळापत्रक अजून चालू आहे.