एव्ही रिसीव्हर (एचडीएमआयपूर्व)

एव्ही रिसीव्हर (एचडीएमआयपूर्व) : रेडिओ ट्यूनर, ध्वनिवर्धक, सराउंड डिकोडर (आवाज चहूबाजूंच्या स्पीकरांत वाटणारा भाग) आणि चित्र-ध्वनीचा निवड-स्विच एकाच पेटीत असलेले होम थिएटरमधील मध्यवर्ती उपकरण. येथे ढोबळमानाने १९८७ ते २००५ या काळातील, म्हणजे चित्र-ध्वनी एकाच वायरीने नेणारी एचडीएमआय जोडणी रूढ होण्यापूर्वीचे संच अभिप्रेत आहेत. मराठीत ‘होम थिएटर’ म्हणजे बहुधा डीव्हीडी प्लेअरसह मिळणारा तयार ५.१ संच (पाच स्पीकर आणि खर्जाचा एक सबवूफर), सुटा रिसीव्हर दुकानात नुसता ‘अ‍ॅम्प’ असतो.

उगम : पहिला एव्ही रिसीव्हर कोणता, हे व्याख्येवर ठरते. १९७०च्या दशकातील चार चॅनेलच्या क्वाड्राफोनिक रिसीव्हरांना काही जण पूर्वज मानतात. चार चॅनेल दोनांत गुंफून पुन्हा सोडवण्याचे त्यांचे मॅट्रिक्स तंत्र पुढे चित्रपटगृहांतील डॉल्बी स्टिरिओत उतरले, हे खरे. मात्र चित्राशी त्यांचा संबंध नव्हता. १९८२मध्ये घरगुती डॉल्बी सराउंड आले, पण त्यात मधला चॅनेल वेगळा निघत नसे. संवाद पडद्याच्या मध्यावर बांधून ठेवणारे प्रो लॉजिक १९८७चे. गणना तेथून करणे अधिक सयुक्तिक वाटते. त्यातही मागचा आवाज मोनो आणि सुमारे ७ किलोहर्ट्झपर्यंतच. ५.१ ध्वनीची डॉल्बी डिजिटल ही पद्धत १९९५च्या सुमारास लेसरडिस्कवरून (चित्रपटांची मोठी तबकडी) घरात आली. डिस्कवरील एका अ‍ॅनालॉग ध्वनिमार्गाच्या जागी तिचा आरएफ (रेडिओ वारंवारतेचा) संकेत असे. म्हणून त्या काळच्या काही संचांमागे ‘एसी-३ आरएफ’ (एसी-३ हे डॉल्बी डिजिटलचेच नाव) असे छापलेले सॉकेट आढळते. ते दिसायला शेजारच्या कोॲक्सिअल सॉकेटसारखेच असते, पण त्यात डीव्हीडीची डिजिटल वायर खोचली तर काहीच वाजत नाही.

जोडण्या : पिवळे सॉकेट कंपोझिट चित्राचे, हिरवे-निळे-लाल त्रिकूट कंपोनंट चित्राचे (तीन वायरींत विभागलेल्या), लाल-पांढरे स्टिरिओचे. लाल सॉकेट दोन्हींकडे असल्याने गल्लत नेहमीची. ‘फोनो’ इनपुट फक्त रेकॉर्ड प्लेअरसाठी. तेथे टीव्ही जोडल्यास आवाज फाटतो. डिजिटल ध्वनी ७५ ओहमच्या कोॲक्सिअलने किंवा ऑप्टिकलने (टॉसलिंक) घेतात. ऑप्टिकल वायरीच्या टोकावरची पारदर्शक टोपी काढायची राहते आणि वायर बसतच नाही, हा हमखास घोळ. वायर बसूनही आवाज नसेल, तर मेनूत ती ऑप्टिकल वाट ‘डीव्हीडी’ वा ‘टीव्ही’ या बटणाला नेमलेली आहे का, ते पाहावे.

या दोन्ही वाटांनी दोन चॅनेलचे पीसीएम (असंकुचित डिजिटल ध्वनी) किंवा संकुचित ५.१ एवढेच जाते. ब्लू-रेवरचे डॉल्बी ट्रूएचडी व डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ हे अधिक दर्जेदार ध्वनिप्रकार मावत नाहीत; ब्लू-रे प्लेअर त्यांच्याऐवजी ६४० किलोबिटपर्यंतचे डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसचा गाभा पाठवतो. पूर्ण ध्वनी हवा असेल तर प्लेअरला सहा अ‍ॅनालॉग आउटपुट आणि रिसीव्हरला ‘मल्टी-चॅनेल इन’ लागते. या वाटेने आलेला आवाज बहुतेक संचांत थेट ध्वनिवर्धकाकडे जातो. त्यामुळे स्पीकरचा आकार, अंतर आणि ८० हर्ट्झचा क्रॉसओव्हर (त्याखालचा खर्ज सबवूफरकडे वळवणारी सीमा) प्लेअरमध्येच लावावा लागतो. आजच्या टीव्हीवरून ऑप्टिकल घेताना टीव्हीची सेटिंग ‘पीसीएम’वर असेल तर रिसीव्हरला स्टिरिओच मिळतो, ती ‘बिटस्ट्रीम’ (संकुचित ध्वनी न उलगडता पाठवणे) किंवा ‘ऑटो’ करावी. टीव्हीचा आवाज एचडीएमआयनेच रिसीव्हरकडे आणणारी एआरसीची सोय एचडीएमआय १.४ मध्ये, २००९मध्ये आली. त्याआधीच्या काही संचांत एचडीएमआय सॉकेटे आहेत, पण ती फक्त चित्र पुढे ढकलतात. आवाजाची वायर वेगळी द्यावी लागते.

स्पीकर : पाच-सात मीटरपर्यंत दीड स्क्वेअरची (दीड चौरस मिलिमीटर) मल्टिस्ट्रँड वायर पुरते. सोललेल्या तारा पिळूनच घालाव्यात. एक केसाएवढी तार शेजारच्या टर्मिनलला टेकली तरी संच ‘प्रोटेक्ट’मध्ये जातो, म्हणजे बचावासाठी आपोआप बंद होतो. लाल-काळे एका स्पीकरला उलटे झाल्यास बिघाड होत नाही, पण खर्ज पोकळ होतो. आठ ओहमच्या दोन जोड्या ‘ए+बी’वर एकदम लावल्यास बहुतेक संचांवर चार ओहमचा भार येतो आणि मोठ्या आवाजात ते तापून बंद पडतात. मेनूने स्पीकरचा विलंब मिलिसेकंदांत विचारला, तर अंतराच्या ३४ सेंटिमीटरला एक मिलिसेकंद धरावा.

बिघाड : एक चॅनेल येत-जात असेल आणि आवाज वाढवताच परततो, तर आउटपुट रिलेचे संपर्क काळवंडलेले असण्याची शक्यता जास्त. घूं असा आवाज डिश वा केबलची वायर काढताच थांबला, तर तो ग्राउंड लूप (उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणारा प्रवाह).

परदेशी संच : अमेरिकेहून नातेवाइकांनी आणलेले संच १२० व्होल्टचे असतात. ते थेट २३० व्होल्टवर लावू नयेत. मागे छापलेल्या वॅटपेक्षा मोठा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा. एएम ट्यूनरची आणखी एक अडचण आहे. तिकडे स्टेशनांमधली पायरी १० किलोहर्ट्झची, इकडे ९ची. त्यामुळे आकाशवाणी मुंबईच्या अस्मिता वाहिनीच्या ५५८वर काटा न थांबता ५६०वर जातो. पायरी बदलण्याचा स्विच काही मॉडेलांतच असतो.