पलटणीचे बिल कोणी भरायचे?

‘ज्याचे रक्षण, त्याचा खर्च’ हे सूत्र ऐकायला अगदी सरळ वाटते. पण जानेवारी १८९५मध्ये, तेव्हा ब्रिटिश वसाहत असलेल्या सिंगापूरच्या विधिमंडळातल्या बिनसरकारी सभासदांनी नेमक्या याच हिशेबावरून राजीनामे दिले. लंडनने १८९०मध्ये पलटणीसाठीचा वसाहतीचा वार्षिक वाटा १ लाख पौंडांवर नेला होता. वाटा पौंडांत, महसूल मात्र चांदीच्या डॉलरांत. चांदी घसरत गेली आणि बोजा फुगत गेला. लंडन म्हणे, शहर तुमचे. व्यापारी म्हणत, बंदरातला कोळसा साऱ्या साम्राज्याच्या आरमारासाठी आहे.

दोघांचेही खरे होते. असा पेच सोडवायची एक सुरेख रीत अमेरिकी गणिती लॉइड शॅप्ली यांनी १९५३मध्ये मांडली (२०१२चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्यांपैकी ते एक). समजा, नुसत्या शहराच्या रक्षणाला ४० लागतात, नुसत्या आरमारी तळाला ८०, आणि दोन्हींना मिळून १००. हे आकडे कल्पित आहेत. वाटेकरी एकामागून एक सामील होतात असे धरा. वसाहत आधी आली तर ती ४० भरेल, मागून येणाऱ्या साम्राज्याला वरचे ६० पडतील. साम्राज्य आधी आले तर त्याचे ८०, वसाहतीचे २०. दोन्ही क्रमांची सरासरी काढा: वसाहत ३०, साम्राज्य ७०. एकत्र येण्याने वाचलेले २० दोघांत सारखे वाटले गेले! वाटेकरी तीन झाले की क्रम सहा होतात, दहा झाले की ३६,२८,८००. प्रत्येक क्रमात त्या वाटेकऱ्यामुळे खर्च किती वाढला ते पाहायचे आणि सरासरी घ्यायची.

सिंगापुरात मात्र तोडगा निघाला तो महसुलाच्या साडेसतरा टक्क्यांचा. हे माप ऐपतीचे, लाभाचे नव्हे. महसुलाचा मोठा भाग अफूच्या मक्त्यातून येई. अफू जास्त खपली की लष्करी वाटा वाढायचा, सैनिक तेवढेच असले तरी.

संगणकात सूत्र घातले की न्याय आपोआप बाहेर पडतो, असे हल्ली सांगितले जाते. ते मला पटत नाही. ‘एकट्याचा खर्च किती’ हा आकडा आधी कोणीतरी ठरवावाच लागतो. हिंदुस्थानच्या लष्करी खर्चाचा वाद तिथेच अडला होता. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या आणि दादाभाई नौरोजी स्वतः सभासद असलेल्या वेल्बी आयोगापुढे गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १८९७मध्ये साक्ष दिली. या फौजेतली हिंदुस्थानच्या गरजेची किती आणि साम्राज्याच्या सोयीची किती, हा त्या वादाचा गाभा होता.