‘जरा बाहेर बसा’

पालिकेच्या सभागृहात मागच्या भिंतीला लागून चार-पाच खुर्च्या असतात. त्यांवर एक-दोन वार्ताहर आणि मांडीवर फाईल घेतलेला एखादा चिवट करदाता. कर्मचाऱ्याच्या चौकशीचा विषय निघाला की वरून आवाज येतो, ‘जरा बाहेर बसा.’ हे सांगण्याची मुभा कायद्यात आहे, आणि तिचं मूळ गोवा मुक्त होण्याच्या साठ वर्षं आधीचं आहे.

त्याआधी गोव्यात दार वेगळ्याच कारणानं बंद असे. गांवकरीची, म्हणजे गावची जमीन सामायिक सांभाळणाऱ्या संस्थेची, रीत १५२६ च्या फोरालात, म्हणजे सनदेत, पोर्तुगीजांनी लिहून ठेवली. तिथं बसायचं आणि बोलायचं ते गांवकारांनीच, म्हणजे दार जन्मावरून उघडायचं. शेतांची पावणी, म्हणजे लिलाव, मात्र चारचौघांत व्हायची, कारण बोली लावायला माणसं हवीत!

१९६८ चा आपला पालिका कायदा महाराष्ट्राच्या १९६५ च्या कायद्याच्या वळणाचा, आणि तो मुंबई इलाख्याच्या १९०१ च्या कायद्याच्या. वाक्य जवळपास तेच उतरत आलं: बैठक लोकांना खुली, पण एखादी चौकशी किंवा चर्चा खासगीत व्हावी असं अध्यक्षस्थानी बसलेल्याला वाटलं तर नाही. सगळी मेख त्या ‘वाटलं’मध्ये आहे. त्या वाक्यात विषयांची यादी नाही आणि आधी ठराव घेण्याची अटही नाही.

ज्यांच्याकडून ही भाषा आली, त्या ब्रिटनमध्ये मात्र गोष्ट पुढे सरकली. वेल्समधल्या टेन्बी गावच्या कौन्सिलनं तिथल्या पत्रकर्त्याला बाहेर ठेवलं. बैठकीला बसण्याचा हक्क त्याला नाही, असं कोर्टानं १९०८ मध्ये म्हटलं, आणि त्याच वर्षी संसदेनं वार्ताहरांना तो हक्क दिला. सर्वसामान्यांसाठी १९६० उजाडलं. तो हक्क देणारं विधेयक आणलं नवख्या खासदार मार्गारेट थॅचर यांनी, पहिल्याच भाषणात. तेव्हापासून तिथं दार लावायचं तर ठराव घ्यावा लागतो आणि कारणही सांगावं लागतं.

पंचायतीत दोन वेगळ्या बैठकांमध्ये लोकांचा नेहमी घोळ होतो. १९९४ च्या पंचायत राज कायद्यातली ग्रामसभा म्हणजे गावचे मतदारच, त्यांना बाहेर काढणार कोण? २००६-०७ मध्ये जमीनवापर ठरवणाऱ्या प्रादेशिक आराखड्याविरुद्ध गोवा पेटला, तेव्हापासून रविवारच्या ग्रामसभा तापू लागल्या. पण बांधकाम परवाने मंजूर होतात ते पंचांच्या पाक्षिक बैठकीत. ती पंचांची बैठक, गावाची नव्हे.

माहिती हक्काचा कायदा गोव्यानं १९९७ मध्येच केला, केंद्राच्या आठ वर्षं आधी. त्यामुळे बाहेर बसवलेल्या माणसाला नंतर अर्ज करून इतिवृत्त मागता येतं. मी एकदा मागितलं होतं. माझ्या विषयापुढे एवढंच होतं: ‘चर्चा झाली. ठराव संमत.’