घाटाचा उतार आणि विजेच्या ट्रकची बॅटरी

केंद्र सरकारच्या ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजनेच्या १०,९०० कोटी रुपयांपैकी ५०० कोटी विजेच्या ट्रकांसाठी राखून ठेवलेले आहेत. जुलै २०२५ मध्ये जाहीर झालेल्या नियमांनुसार एका ट्रकमागे जास्तीत जास्त ९.६ लाख रुपये अनुदान मिळते आणि त्यासाठी जुना ट्रक भंगारात काढावा लागतो. ही रक्कम प्रामुख्याने बॅटरीत किती युनिट वीज मावते यावर ठरते. माझ्या मते अवजड वाहनाच्या बाबतीत बॅटरी वीज किती झपाट्याने आत घेते, हेही तपासायला हवे.

लोणावळ्याहून खोपोलीला उतरणारा ४० टनी ट्रक सुमारे ५०० मीटर खाली येतो, तेव्हा त्याची ५४ युनिट स्थितिज ऊर्जा कमी होते. डिझेलच्या ट्रकमध्ये तिची निव्वळ उष्णता होते. डिझेल वाचवण्यासाठी काही चालक गाडी न्यूट्रलवर सोडतात. मग इंजिनाचा रोध नाहीसा होतो, सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर जळल्याचा वास सुटतो आणि ब्रेक निकामी होतात.

विजेच्या ट्रकमध्ये उतारावर चाकेच मोटर फिरवतात, मोटर जनित्र बनते आणि निर्माण होणारा प्रवाह चाकांना चुंबकीय रोध करतो. टायरचे घर्षण, हवेचा रोध आणि रूपांतरातली तूट वजा जाता ३५ ते ४० युनिट बॅटरीत परततात. मात्र ती वीस मिनिटांत, म्हणजे सरासरी ११० किलोवॅटच्या आसपास दराने आत घ्यावी लागतात. चार्ज होताना लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, बॅटरीतल्या ग्रॅफाइटच्या थरांत ठरावीक वेगानेच शिरतात. प्रवाह त्याहून जास्त झाला, तर लिथियम पृष्ठभागावर धातुरूपात साचते आणि बॅटरीची क्षमता कायमची घटते. म्हणून बॅटरी भरलेली किंवा फार थंड असेल, तर नियंत्रक वीज नाकारतो आणि चालकाच्या हाती साधे ब्रेकच उरतात. लोणावळ्यात बॅटरी काठोकाठ भरून घाट उतरणे त्यामुळे शहाणपणाचे नाही. मोठी बॅटरी हा प्रवाह सहज पेलते, पण ३०० युनिटांची बॅटरी दोन टनांच्या घरात जाते आणि तेवढा माल कमी भरावा लागतो.

चाकाला डायनामो लावला की गाडी कधीच चार्ज करावी लागत नाही, असे सांगणारे व्हिडिओ फिरत असतात. चढताना खर्च झालेली ऊर्जा उतरताना पूर्ण परत मिळत नाही, एवढे शाळेतले विज्ञान त्यांना पुरेसे उत्तर आहे. स्वित्झर्लंडमधल्या चुनखडीच्या एका खाणीत विजेचा डंपर वापरापेक्षा जास्त वीज मिळवतो हे खरे, परंतु तो ६५ टन दगड घेऊन उतरतो आणि रिकामा चढतो. जास्तीची ऊर्जा त्या दगडाच्या उंचीतून येते. न्हावाशेव्याला रिकामा उतरून भरलेला कंटेनर पुण्याकडे आणणाऱ्या ट्रकमालकाचा हिशेब नेमका उलटा बसेल.